तेवीस पिशव्यांचा पंचनामा

दर शुक्रवारी फिदांकाची दोनची बस चुकायची, आणि त्यात फिदांकाचा काडीचाही दोष नसायचा.

पहाटे पाचला उठून ती चेरेश्नी दोल गावाचा अख्खा चौक झाडायची. बाराला झाडू नगरपालिकेच्या खोलीत उभा करायचा, घरी जाऊन हातपाय धुवायचे, डोक्याला धुतलेला रुमाल बांधायचा आणि प्लोवदिव शहरात लेकीकडे न्यायची पिशवी घेऊन दीडलाच थांब्यावर हजर व्हायचं. पण पावणेदोनला पोलिसांची गाडी यायची. हवालदार गांचो खाली उतरायचा, पट्टा पोटावर ओढून घ्यायचा आणि नेहमीचं वाक्य म्हणायचा, "खालच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी इकडे उभं राहा. पिशव्या उघडा."

खालचा मोहल्ला म्हणजे एकेकाळच्या भटक्या रोमा जमातीची नदीकाठची वस्ती. एप्रिलमध्ये रेल्वेची तांब्याची तार चोरीला गेली होती, तेव्हापासून हे सुरू होतं. पाच महिने पिशव्यांतून मिरच्या, टोमॅटो, नातवंडांचे विणलेले मोजे निघाले. तार काही निघाली नाही. तपासणी संपेपर्यंत वरच्या आळीच्या बायका बसमध्ये चढून जागा पकडत, खिडकीतून बघत, आणि बस निघून जाई. पुढची बस साडेपाचला. लेकीच्या घरी पोचेपर्यंत नात झोपलेली असायची.

"जाऊ दे ना," तिचा नवरा साल्चो म्हणायचा. साल्चो लग्नात तुतारी वाजवायचा. पंधरा वर्षांपूर्वी कोणाचं तरी वासरू हरवलं म्हणून त्याला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं होतं. वासरू तिसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी आलं, आणि साल्चोला 'जा' म्हणाले. तेव्हापासून गणवेश दिसला की तो रस्ता ओलांडायचा. पोस्टमन दिसला तरी ओलांडायचा. "कायद्याला आपला पत्ता माहीत नसलेलाच बरा," हे त्याचं मत.

ऑगस्टअखेर एका सकाळी वाचनगृहाच्या पायऱ्या झाडताना फिदांकाला स्पासकाबाईंनी हाक मारली. स्पासकाबाई म्हणजे गावाच्या जुन्या इतिहासशिक्षिका. वय एकाहत्तर, आवाज अजून वर्गातलाच. निवृत्त झाल्यापासून वाचनगृह त्याच सांभाळत.

"फिदांका, मंगळवारी संध्याकाळी काय करतेस?"

"पाय चेपते, बाई. माझेच."

"इथे येऊन चेप. वाचनवर्ग सुरू करायचाय. दहा माणसं जमली नाहीत तर हिवाळ्यात खोली बंद करू म्हणतात. चहा देईन. शेगडीही पेटवीन."

"मला वाचायला वेळ लागतो, बाई."

"मला कुठे घाई आहे?"

फिदांकाने मैत्रिणीला, सेव्दाला सांगितलं. सेव्दाने शेजारणीला. चहा आणि शेगडी म्हटल्यावर पहिल्याच मंगळवारी खालच्या मोहल्ल्यातल्या चौदा बायका येऊन बसल्या. आता अडचण पुस्तकाची. सगळ्यांच्या हाती एकच पुस्तक द्यायचं तर तेवढ्या प्रती वाचनगृहात एकाच गोष्टीच्या होत्या. कुठल्याशा वर्धापनदिनाला राजधानी सोफियाहून राज्यघटनेच्या चाळीस प्रतींचा गठ्ठा आला होता. तो सुतळीही न सोडता कपाटाखाली पडला होता.

"प्रेमाची गोष्ट नाही का एखादी?" सेव्दाने विचारलं.

"ती चौदा जणींना पुरत नाही," बाई म्हणाल्या आणि सुतळी कापली.

सेव्दाच्या वाट्याला सहावं कलम आलं. अक्षरावर बोट ठेवत तिने वाचलं, "कायद्यापुढे सगळे नागरिक समान आहेत." आणि ती थांबली. मागच्या बाकावरून कोणीतरी खुदकन हसलं. मग दुसरी. बघता बघता चौदाच्या चौदा बायका डोळ्यांना रुमाल लावून हसायला लागल्या.

बाईंनी चष्मा काढला. "हसायला काय झालं?"

"बाई, जोक चांगला आहे," सेव्दा म्हणाली.

"जोक नाही, कायदा आहे. तुम्ही तो कधी काढून वापरला नाहीत म्हणून जोक वाटतो."

"वापरायचा कसा?" हा प्रश्न फिदांकाचा होता. ती हसत नव्हती. तिला शुक्रवार आठवला होता.

"विचारायचं. नम्रपणे, पण ऐकू जाईल असं. 'कशासाठी?' म्हणून विचारायचं. आणि मग म्हणायचं, 'लिहून द्या.' अगं, सरकारी माणूस तोंडाने वाटेल ते बोलतो. लिहायची वेळ आली की त्याला कायदा आठवतो."

पुढचे तीन मंगळवार बायका तिसाव्या कलमाशीच अडून बसल्या. विनाकारण कोणाला अडकवून ठेवता येत नाही, झडती घ्यायची तर कायद्यात सांगितली आहे तशीच घ्यावी लागते, ताब्यात घेतल्या क्षणापासून वकील मागता येतो. बाईंनी पोलिसांचा कायदाही कुठून तरी मिळवून आणला आणि समजावून सांगितला: पिशवी तपासायची तर कारण लागतं, पंचनामा लागतो, प्रत द्यावी लागते. फिदांका घरी जाऊन भांडी घासताना हे पुटपुटायची. साल्चोला वाटलं, बायको देवधर्माला लागली.

सप्टेंबरचा शेवटचा शुक्रवार आला. गावभर मिरच्या भाजल्याचा वास होता. थांब्यावर नुसती पिशव्यांची रांग, कारण लेकीबाळींकडे गोड लाल मिरच्या पोचवायचे तेच दिवस. पावणेदोनला गाडी आली, गांचो उतरला, पट्टा ओढला.

"खालच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी..."

"हवालदारसाहेब, कशासाठी?"

गांचोने मागे वळून पाहिलं. कोणी वरिष्ठ येऊन उभा राहिलाय की काय, असं त्याला वाटलं. मागे कोणी नव्हतं. समोर फिदांका होती, रांगेतून एक पाऊल पुढे आलेली.

"कशासाठी म्हणजे? तपासणी आहे."

"कशाची?"

"तारेची गं. दर वेळचंच. नवीन काय त्यात?"

"माझ्यावर संशय आहे?"

"तुझ्यावर असं नाही..."

"मग कोणावर?"

"सगळ्यांवर!" गांचो वैतागला.

"सगळ्यांवर असेल तर बसमध्ये बसल्यात त्या?"

बसच्या खिडक्यांतली डोकी एकदम आत गेली. बसथांब्याच्या जागेत, 'गाडी लावू नये' या पाटीखाली, महापौरांचे मेहुणे किर्चेव यांची काळी जीप रोजच्यासारखी उभी होती. फिदांकाने तिच्याकडे एकदा पाहिलं. गांचोनेही पाहिलं.

"मी अडवत नाही तुम्हाला," ती म्हणाली. "तपासा. पण पंचनामा लिहा. कारण लिहा, आत काय निघालं ते लिहा, आणि एक प्रत मला द्या."

"मलाही," सेव्दा म्हणाली.

"मला पण." "मला पण, आणि स्वच्छ अक्षरात!" 

थांब्यावर मोहल्ल्यातल्या तेवीस बायका होत्या. तेवीस पिशव्या. गांचोने गाडीतून छापील कागद काढले, जीभ बाहेर काढून बॉनेटवर लिहायला बसला. नाव, गाव, तारीख. मग 'कारण' असा रकाना आला आणि पेन थांबलं.

"कारण काय लिहू?" तो स्वतःशीच म्हणाला.

"खरं असेल ते लिहा," फिदांका हळूच म्हणाली.

गांचो माणूस वाईट नव्हता. बावन्न वर्षांचा, गावातच जन्मलेला. साल्चोच्या तुतारीवर स्वतःच्या लग्नात नाचलेला. जे कारण पाच महिने सगळ्यांना माहीत होतं, ते लिहिता येण्यासारखं नव्हतं. 'खालच्या मोहल्ल्यात राहते' असं लिहून खाली सही कोण करणार? शेवटी त्याने तो रकाना तसाच सोडला आणि पुढच्यावर उडी मारली.

"पिशवीत काय आहे?"

"मिरच्या."

"किती?"

"मोजा ना, साहेब."

त्याने मोजल्या. एकसष्ट मिरच्या, एक बाटली सूर्यफुलाचं तेल, एक चीजचा तुकडा, एक बाहुली, एक डोळा नसलेली. सेव्दाच्या पिशवीत सासूची दुरुस्त करायला न्यायची कवळी निघाली. तो शब्द कसा लिहायचा यावर पाच मिनिटं गेली. चौथ्या पिशवीत कोंबडी होती. "कोंबडी, एक, जिवंत," गांचोने लिहिलं. खात्री करायला पिशवी परत उघडली तर कोंबडीने अंडं दिलेलं.

"हे कोणाचं?" गांचोच्या तोंडून निघून गेलं.

"तुमचं नाही एवढं नक्की," कोंबडीवाली म्हणाली. "लिहा."

गांचोने कपाळ पुसलं आणि लिहिलं, "अंडे, एक, कारवाईदरम्यान प्राप्त."

आता बसमध्ये कोणी बसून राहणं शक्यच नव्हतं. सगळी बस खाली उतरली. दोन वाजून गेले होते; बसचालक दिमो टायरला टेकून सूर्यफुलाच्या बिया सोलत उभा राहिला. "मी थांबतो," तो म्हणाला. "असला कार्यक्रम प्लोवदिवलाही लागत नाही."

तेवढ्यात वरच्या आळीतली औषधांच्या दुकानाची मालकीण, त्रेन्दाफिला, गर्दीतून पुढे आली. फिदांकाला वाटलं, ही आता उशिराबद्दल ओरडणार. तिने आपली चामड्याची पर्स गांचोच्या पुढ्यात आदळली.

"माझी का नाही तपासत? माझ्यात काय कमी आहे?"

"अहो, तुम्ही कशाला..."

"पाच महिने मी खिडकीतून बघतेय आणि मान फिरवतेय," त्रेन्दाफिला म्हणाली. चेहरा लाल झाला होता तिचा. "आज फिरवणार नाही. लिही."

नवव्या पंचनाम्याला इन्स्पेक्टर तोपालोव आले. कोणीतरी फोन केला असणार. उंच, सडसडीत, कपाळावर कायमची आठी. तारेवरून त्यांना वरून आठवड्याला एक फोन यायचा, आणि त्या फोनचं उत्तर म्हणून या शुक्रवारच्या पिशव्या होत्या.

"कोणी सुरू केलं हे?"

फिदांकाच म्हणाली, "मी, साहेब."

"गाडीत बस."

गाडीत तिने मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवली. ठाण्याच्या हिरव्या भिंतींच्या बोळात एक लाकडी बाक होता. साल्चो दोन दिवस ज्यावर बसला तो हाच असणार, असं तिच्या मनात आलं. पाय आपटून ओरडावं की रडावं, काही कळेना. मग तिला स्पासकाबाईंचा आवाज आठवला: नम्रपणे, पण ऐकू जाईल असं.

"साहेब, मला अटक झालीय का?"

"नाही. दोन शब्द बोलायचेत."

"मग मी उठून जाऊ शकते?"

"नाही!"

"मग ती अटकच झाली, साहेब. मग मला वकील पाहिजे. कलम..." इथे ती आकडा आठवायला थांबली. "कलम तीस."

तोपालोवांनी टोपी टेबलावर ठेवली. "हे कोणी शिकवलं तुला?"

"वाचनगृहात, साहेब. दर मंगळवारी असतं. चहा पण देतात."

एवढ्यात खिडकीबाहेर गलका झाला. ठाण्यासमोरच्या फुटपाथवर बायका उभ्या होत्या. मोहल्ल्यातल्या, वरच्या आळीतल्या, पिशव्यांसह. बसचालक दिमो होता. पुढे स्पासकाबाई, हातात राज्यघटनेची प्रत. आणि सगळ्यांत मागे, भिंतीला चिकटून, पण ठाण्याच्याच फुटपाथवर, साल्चो. काखेत तुतारी.

"शांततेने आणि निःशस्त्र!" बाई बजावत होत्या. "कलम त्रेचाळीस. रस्ता अडवायचा नाही. घोषणा नकोत."

"बाई, तुतारी शस्त्रात धरतात का?" साल्चोने विचारलं.

"तू वाजवतोस तशी? धरतात."

फुटपाथवर हशा पिकला. तो आत फिदांकाला ऐकू गेला, आणि ती नीट टेकून बसली.

गरजूंना फुकट मिळणारी वकील वीस मिनिटांत आली. नाव विह्रा, वय जेमतेम सव्वीस, सायकलवरून आल्यामुळे धापा टाकत. तिने तोपालोवांना एकच गोष्ट मागितली: ताब्यात घेतल्याचा लेखी आदेश. तोपालोवांनी एक खण उघडला, बंद केला, दुसरा उघडला. आदेश कुठल्याच खणात असणं शक्य नव्हतं.

"मग आम्ही निघतो," विह्रा म्हणाली. "हा अर्धा तास मात्र मी लिहून ठेवलाय."

दारात पोचल्यावर फिदांका वळली. तोपालोव खुर्चीत मागे रेलले होते. रागापेक्षा दमलेलेच जास्त दिसत होते.

"साहेब, एक बोलू? तुम्ही आमच्या मिरच्या मोजताय तेवढ्या वेळात तारवाला आरामात जेवून झोपतोय."

तोपालोवांनी मान फिरवली नाही.

बाहेर साल्चोने बायकोला धरलं. तो म्हणाला, "कोंबडी बरी आहे." मग बाईंच्या तोंडाकडे बघत त्याने तुतारी वर केली. बाईंनी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. लग्नातली नवरी घराबाहेर काढताना वाजवतात ती चाल त्याने वाजवली, आणि सगळ्या फुटपाथने नवरीला वाजतगाजत न्यावं तसं फिदांकाला बसपर्यंत नेलं. दोनची बस त्या दिवशी तीन वाजून चाळीस मिनिटांनी सुटली. एकाही प्रवाशाने तक्रार केली नाही.

तक्रार केली ती फिदांकाने. बाईंनी टाइप केली, विह्राने दोन शब्द बदलले, त्रेन्दाफिलाने दुकानाच्या गल्ल्याजवळ सह्यांसाठी ठेवली. एकशे अठरा सह्या झाल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त वरच्या आळीच्या. जिल्ह्याच्या ठिकाणी ती रजिस्टर पोस्टाने गेली. साल्चोने पोस्टमनच्या हातात स्वतः दिली.

उत्तर नोव्हेंबरात आलं. मंगळवारी वाचनगृहात फिदांकाने ते मोठ्याने वाचलं, आता बोट न ठेवता. विशिष्ट कारणाशिवाय केलेल्या तपासण्या बेकायदेशीर होत्या, त्या बंद करण्यात येत आहेत. यापुढे प्रत्येक तपासणीची लेखी नोंद होईल. संबंधित अधिकाऱ्यास लेखी समज देण्यात आली आहे. "माफी कुठे आहे?" सेव्दाने विचारलं. माफी नव्हती. बायकांनी पत्र उलटून मागची बाजूही पाहिली. मग पहिल्यापासून पुन्हा एकदा वाचायला लावलं, कारण 'बेकायदेशीर होत्या' हे ऐकायला गोड लागत होतं.

त्या शुक्रवारी पोलिसांची गाडी थांब्यावर आली नाही. वेळ हाती आल्यामुळे असेल किंवा मिरच्यांचा टोला बसल्यामुळे असेल, ते भंगारवाल्यांच्या वह्या बघायला लागले, आणि डिसेंबरात तारचोर सापडला. ना खालच्या मोहल्ल्यातला, ना वरच्या आळीतला; शेजारच्या जिल्ह्यातून बंद टेम्पो घेऊन यायचा. तो टेम्पो दर शुक्रवारी त्याच थांब्यासमोरून, त्याच पोलिसांच्या गाडीला वळसा घालून जायचा.

आणि गांचो? गांचोला त्या नऊ पंचनाम्यांनी काय झालं कोण जाणे. नाताळच्या आधी एका सकाळी तो किर्चेवांच्या जीपपाशी वही घेऊन उभा राहिला. किर्चेव हॉटेलातून तोंड पुसत बाहेर आले.

"गांचो, मी कोण आहे ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे, साहेब. तेच लिहितोय. किर्चेवच ना, शेवटी व?"

"कशासाठी पण?"

गांचोने पाटीकडे बोट दाखवलं आणि 'कारण' या रकान्यात इतक्या समाधानाने लिहिलं की पेन कागदातून आरपार जाईल असं वाटलं. मग डिकी उघडायला लावली. आग विझवायचं नळकांडं नव्हतं. त्यासाठी मोहल्ल्यातल्या मोडक्या गाड्यांना कित्येकदा दंड झाला होता. त्याचीही नोंद झाली. फिदांका पलीकडे झाडत होती. ती हसली नाही. फक्त जीप निघून गेल्यावर तिथली जागाही झाडली, जी कित्येक महिने झाडता आली नव्हती.

जानेवारीतल्या एका मंगळवारी वाचनगृहाचं दार किंचित उघडलं आणि गांचो आत डोकावला. गणवेश नव्हता, अंगात बायकोने विणलेला स्वेटर. बायकांनी सवयीने पिशव्या जवळ ओढल्या.

"तपासणी नाही," तो घाईने म्हणाला. "एक विचारायचं होतं. त्या पुस्तकात... पोलिसांबद्दल काही आहे का?"

"तुमच्याबद्दल पुष्कळ आहे," सेव्दा म्हणाली. "तुम्ही काय काय करायचं नाही ते."

"ते झालं माझं पाठ. मला म्हणायचंय..." त्याने टोपी नसलेलं डोकं खाजवलं. "दोन वर्षं झाली, सुट्टी मिळाली नाही. मागितली की म्हणतात, बघू. सांगायचं कोणाला?"

स्पासकाबाईंनी फिदांकाकडे पाहिलं. फिदांकाने पानं उलटली, अठ्ठेचाळीसावं कलम काढलं आणि सावकाश वाचलं: काम करणाऱ्या माणसाला विश्रांतीचा आणि रजेचा हक्क आहे.

"काम करणाऱ्या माणसाला," गांचो म्हणाला. "पोलिसालाही?"

"माणूस आहात ना?" फिदांका म्हणाली. "बसा. चहा घ्या. अर्ज आपण आत्ताच लिहू. नम्रपणे, पण ऐकू जाईल असा."

रजा मिळाली. चांगली दोन आठवड्यांची, ऐन फेब्रुवारीत. गांचो बायकोला घेऊन समुद्रावर मेहुणीकडे गेला. तिथे वारा, बंद हॉटेलं आणि मेहुणी याशिवाय काही नव्हतं. पाचव्या दिवशी तो परत आला आणि उरलेले नऊ दिवस हक्काने घरी झोपून काढले.